मागावरची खूण

टे नदीवरचं धुकं अजून पुलाच्या कमरेशीच आहे.
मी फ्रीजरमधून डबा काढते, उणे ऐंशीचा,
हातमोज्यातूनही चटका देणारा.
झाकणावर नाव नाही, आकडा आहे : चारशे सतरा.
बाई कोण, हे मला ठाऊक असायचं नाही.

तिच्या पेशी गुलाबी रसात वाढतात,
सदतीस अंशांवर, काचेच्या दाराआड,
एकमेकींना खेटून.
त्यांच्या अंगावर बाहेर तोंड करून प्रथिनं उभी.
त्यातली एक बहिरी.
कोणी कितीही हाका मारा, तिच्या नावचा निरोपच नसतो;
हात मात्र सारखा शिवशिवतो.
एरवी दारात अशा दोन-चार असायच्या,
इथं जत्रा भरलीय.
दुसरीला सगळं ऐकू येतं,
पण तिचा हात जवळजवळ लुळाच.

सरकत सरकत त्या एकमेकींना भिडल्या
की आंधळ्यानं पांगळ्याला खांद्यावर घ्यावं
तशा चालू लागतात.
फॉस्फेटची चिमूट हातोहात आत जाते,
याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून आणखी कोणाकडे,
केंद्रकाच्या उंबऱ्यापर्यंत.
आणि निरोप तरी काय?
वाढ. अजून वाढ. मरू नकोस.
एवढ्याशा वाक्याला मी अकरा वर्षं दिली.

ऑक्टोबरात पेशंट बायकांना लॅब दाखवायचा दिवस होता.
नॅन ऑगिल्वी, वय एकोणऐंशी, जांभळी टोपी,
एका बाजूनं सपाट स्वेटर.
'पंधराव्या वर्षी तागाच्या गिरणीत लागले,' म्हणाली,
'विशीत कान गेले.
मागांच्या खडखडाटात कान हवेत कशाला?
आम्ही ओठ वाचायचो, बोटांनी बोलायचो.
डंडीतली निम्मी लग्नं तशीच जुळली
आणि एक संपसुद्धा.'

मी तिला बहिरी आणि लुळीची गोष्ट सांगितली,
हळू, ओठ नीट हलवून.
ती हसली. 'म्हणजे मी आणि आमची बेला.
मुकादमानं आम्हाला लांबलांबच्या मागांवर टाकलं होतं.'
'मग?'
'मग काय. तिसरीमार्फत बोलायला लागलो.'

औषध त्या मुकादमाचंच काम करतं.
दोघींच्या मध्ये येऊन बसतं,
खांद्याला खांदा लागू देत नाही.
चार दिवस पडद्यावर काही उमटलं नाही.
वीतभरही नसलेला पडदा, दुधाच्या पावडरीत घोळवलेला;
त्यावरच्या काळ्या रेघा म्हणजे
आत निरोप कुठवर पोचला त्याचा हिशेब.
कोऱ्या जागेभोवती मी पेन्सिलीनं चौकट काढली,
फोटो फर्गसला पाठवला.
त्यानं केकचं चित्र पाठवलं.

नवव्या दिवशी रेघ परत आली.
फिकट. आधी वाटलं, डाग असेल.
पुन्हा केलं. पुन्हा.
कोणी तरी तिसरी मध्ये पडली होती,
आमच्या यादीत तिचं नाव शेवटून दुसरं,
आणि निरोप जसाच्या तसा,
काना-मात्राही न बदलता.

नॅन, तुला सांगायला हवं होतं
की तू बरोबर होतीस.
पण चारशे सतरा तू असशील,
नसशीलही.

निघताना तिनं मला एक खूण शिकवली होती.
दोन बोटं डाव्या खांद्यावर, पटकन,
तागाचा धागा झटकल्यासारखी.
म्हणजे : मुकादम येतोय, सांभाळा.

आज संध्याकाळी दुसरं औषध घालायचं होतं.
एका हातात पिपेट, काचेचं दार अर्धं उघडं,
आणि माझी दोन बोटं खांद्यावर गेली.

खोलीत मी एकटीच होते.
छपरावर सीगल भांडत होते.
समोर बशीत त्या सगळ्याजणी,
एकमेकींना खेटून.

मी बोटं खाली घेतली.
मग हातमोजा बदलला.
कपड्याला लागला की बदलायचा, असा नियम आहे.